मंडई पाहणाऱ्यांनी गुलटेकडीही पाहावी

पुण्यात पाहुणा आला की त्याला शनिवारवाडा दाखवतात आणि तिथून मंडईत नेतात. अष्टकोनी इमारत, उंच मनोरा, गॉथिक शैली, वॉल्टर ड्युकॅटचा आराखडा, मग लिंबू-मिरचीच्या ढिगांचे फोटो. आम्हीही हे सगळे पाहिले. पण इमारतीवर ज्यांचे नाव आहे त्यांनीच ती बांधायला विरोध केला होता, हे सांगणारा वाटाड्या आम्हाला भेटला नाही.

जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सभासद होते. १८८० साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटनच्या स्वागतावर १००० रुपये खर्च करण्याचा ठराव आला. ३२ सभासदांत विरोधी मत पडले ते एकट्या जोतीरावांचे. हा पैसा गरिबांच्या शिक्षणाला द्या, असे त्यांचे म्हणणे. मंडईच्या खर्चालाही त्यांनी याच दृष्टीने विरोध केला. तोवर भाजीबाजार शनिवारवाड्यापुढच्या मैदानात उघड्यावर भरत असे. मंडई १८८६ मध्ये उघडली आणि तिला नाव मिळाले गव्हर्नर लॉर्ड रे यांचे. रे मार्केटची फुले मंडई झाली ती पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने. अत्र्यांचे हे ऋण आम्ही मानतोच, पण नाव दिले आणि विरोध विसरला, असे मात्र होऊ नये.

जोतीरावांचे बाजाराशी वैर नव्हते. ते माळ्याचे पुत्र, आडनावसुद्धा फुलांच्या धंद्यावरून आलेले. बाजारात कोण कोणाला लुटतो हे त्यांना ठाऊक होते. १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये त्यांनी गाडीभर माळवे घेऊन शहरात आलेल्या शेतकऱ्याचा हिशेब मांडला आहे. वजनात मारणारे दलाल आणि नगरपालिकेची जकात यांचे पोट भरल्यावर त्याच्या हाती काही उरत नाही, उलट गाडीभाडेही अंगावर पडते. ज्या नगरपालिकेत आपण बसतो तिचीच जकात त्यांनी या हिशेबात धरली आहे. असा नगरसेवक आज कोणी दाखवावा!

घाऊक व्यापार आता गुलटेकडीच्या मार्केट यार्डात चालतो. तिकडे पर्यटक फारसा फिरकत नाही. आम्हाला मात्र हे नाव भाजीमुळे ठाऊक नाही. जोतीरावांच्या शाळेतल्या चौदा वर्षांच्या मुक्ताबाई साळवे या मांग समाजातल्या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला, तो १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ने छापला. बाजीरावाच्या राज्यात तालीमखान्यासमोरून जाणाऱ्या मांग-महाराचे शिर उडवून गुलटेकडीच्या मैदानात त्याचा चेंडू करीत, असे ती त्यात सांगते. पेशवाईचे अभिमानी लगेच विचारतात, दप्तरात पुरावा आहे का? आमचा उलट सवाल आहे की दप्तर लिहिणारे हात कोणाचे होते? पेशवाई बुडून अजून चाळीस वर्षेही झाली नव्हती. मुक्ताबाईने लिहिले ते तिच्या माणसांनी जपलेले होते, आणि ते लिहिण्याइतकी अक्षरे त्या समाजातल्या मुलीला प्रथमच मिळाली होती. शाळेवर खर्च करा असा जोतीरावांचा हट्ट का होता, ते इथे कळते.

(पाहुण्यांना भूक लागली तर हमाल पंचायतीच्या ‘कष्टाची भाकर’मध्ये जेवावे. पाठीवर पोती वाहणाऱ्यांनी उभे केलेले ते अन्नछत्र नव्हे, हक्काचे जेवणघर आहे.)

आता काही उदारमतवादी मित्र म्हणतात की बाजारात पैसा बोलतो, जात नव्हे. पुण्यात ओट्यावर कोणी जात विचारत नाही, हे खरे. पण गावात वाण्याचे दुकान एकच असते. १९३० मध्ये अहवाल देणाऱ्या स्टार्ट समितीत बाबासाहेब सदस्य होते. अस्पृश्यांनी हक्क मागितला की त्यांना दुकानदाराने माल विकू नये असा गावाचा हुकूम सुटतो, आणि कधी कधी क्षुल्लक कारणही पुरते, हे त्या समितीने नोंदवले. तलवार लागत नाही, मीठ-मिरची बंद केली की पुरते. म्हणून गोलमेज परिषदेत बाबासाहेब आणि रावबहादूर श्रीनिवासन यांनी मांडलेल्या मागण्यांत बहिष्कार हा गुन्हा ठरवा, ही मागणी होती. त्यासाठी नमुना घेतला होता ब्रह्मदेशातल्या १९२२ च्या बहिष्कारविरोधी कायद्याचा.

राज्यघटनेचे कलम १५(२) उघडून पाहा. धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून जिथे अटकाव करता येणार नाही अशा जागांच्या यादीत पहिला शब्द आहे दुकाने. विहिरी, तलाव, रस्ते त्यानंतर येतात. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत यावर विचारणा झाली तेव्हा बाबासाहेबांनी खुलासा केला की दुकान हा शब्द व्यापक अर्थाने घेतला आहे, पैसे घेऊन सेवा देणारेही त्यात येतात. म्हणजे न्हावी आणि धोबीसुद्धा. तरीही महाराष्ट्राच्या विधिमंडळाला सामाजिक बहिष्काराविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला, तो २०१६ साली.