अकोल्याच्या उन्हाळ्यात व्हिस्की खराब होते का?

मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांवर जातो. सुमारे १,१०० मीटर उंचीवरचं चिखलदरा तुलनेने थंड असतं. व्हिस्कीच्या बाटलीलाही हा फरक जाणवतो.

भारतातल्या बहुतेक व्हिस्कीत ४२.८ टक्के अल्कोहोल असतं, त्यामुळे ती नासत नाही. पण उष्णतेने द्रव प्रसरण पावतो, बुचावर दाब येतो, फटीतून अल्कोहोल उडतं आणि चव बदलते. उन्हातले अतिनील किरण रंग फिका करतात, सुगंधही बिघडवतात.

म्हणून बाटली खिडकीत, माळ्यावर किंवा उन्हात उभ्या गाडीत नको. बंद कपाटात, खालच्या कप्प्यात, उभीच ठेवा. आडव्या बाटलीत अल्कोहोल बूच खराब करतं. अर्धी संपलेली बाटली मात्र चिखलदऱ्याच्या थंडाव्यातही लवकर संपवलेली बरी, कारण आत शिरलेली हवा हळूहळू चव उतरवते.