इंद्रायणीच्या अलीकडे, पलीकडे

बुधवार, ३० सप्टेंबर १९८७. रात्रीचे साडेनऊ. तुम्ही भोसरी एमआयडीसीतल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये आहात, खांद्यावर पुठ्ठ्याचं खोकं आहे आणि मागून आवाज येतो, "अहो हिशेबनीस, बघत काय उभे राहिलात? उचला!" आज हिशेबनिसालाही हमाली चुकलेली नाही. दारात दोन मॅटाडोर लागल्या आहेत. खोक्यांत मिक्सर आहेत आणि प्रत्येक मिक्सरवर मुंबईच्या एका मोठ्या कंपनीचं नाव. उद्या गुरुवार, एमआयडीसीची सुट्टी, परवा दसरा. पण घाई सणाची नाही. बारा वाजायच्या आत हे नाव फाटकाबाहेर पडलं पाहिजे.

तुमच्या टेबलावर काचेखाली कारण ठेवलेलं आहे. छोट्या कारखान्यांना ठरावीक विक्रीपर्यंत एक्साइजमधून सवलत देणारी १७५/८६ क्रमांकाची अधिसूचना गेल्या वर्षीची, व्ही. पी. सिंहांच्या अर्थसंकल्पाबरोबर आलेली. तिला आता सातवा परिच्छेद जोडलाय. जो स्वतः सवलतीला पात्र नाही, अशा दुसऱ्याचं नाव मालावर लावलंत, तर त्या मालाला सवलत नाही. नाव नोंदणीकृत असो वा नसो. नाव म्हणजे अक्षरंच असं नाही. चिन्ह, मोनोग्राम, लेबल, सही, काहीही. लागू १ ऑक्टोबरपासून. आणि एक्साइजचा दर माल कधी बनला यावर ठरत नाही, तो दारातून कधी बाहेर पडला यावर ठरतो. म्हणून ही हमाली.

"दादा, कोरा पाठवू या की," फोरमनमामा मालकांना सुचवतात. "स्टिकर तिकडे गोदामात लावतील ते."

दादा काही बोलत नाहीत. एक भांडं उलटं करून दिव्याखाली धरतात. तळाला कंपनीचं नाव उठलेलं आहे. साच्यातच कोरलंय ते, आणि साचा कंपनीचा.

तुम्ही पुढच्या काळातून आलेले आहात, म्हणून तुम्हाला दिल्लीची बाजूही दिसते. मोठ्या कंपनीनं स्वतः मिक्सर बनवला तर तिला एक्साइज भरावी लागते. तोच मिक्सर भोसरीतल्या दहा शेडमध्ये वाटून दिला, तर दहाही शेड सवलतीत, आणि वाचलेला पैसा जातो नावाच्या मालकाकडे. दादांच्या हातात मजुरी आणि चार पैसे. माफी लहानासाठी होती, ती मोठा खात होता. सरकारचं दुखणं खोटं नव्हतं. पण औषध पाजलं गेलं दादांना. कंपनीचा माणूस दुपारीच सांगून गेला आहे, "एक्साइज तुमची तुम्ही बघा, आमचा भाव तोच." शेवटची गाडी पावणेबाराला सुटते. चलनावर तारीख तुमच्याच हातची, ३० सप्टेंबर.

आता १९९४. शेड तीच, तुमच्या कानांवर थोडे पांढरे केस. मधल्या काळात दादांनी कंपनीचा साचा परत केला, स्वतःचा करून घेतला आणि त्यावर आईचं नाव कोरलं. नाव चाललं. धाकटे भाऊ वेगळे झाले, समोरच्या गल्लीत शेड घेतली आणि तेच नाव लावू लागले. दोघेही लहान, दोघेही सवलतीत, त्यामुळे कुणाला काही अडचण नव्हती. मनमोहन सिंगांच्या यंदाच्या अर्थसंकल्पाबरोबर त्या वाक्यातून 'जो स्वतः सवलतीला पात्र नाही' एवढेच शब्द गेले. आता दुसऱ्याचं नाव म्हणजे दुसऱ्याचं. तो दुसरा टाटा-बिर्ला असो की सख्खा भाऊ. आई दोघांची, पण नोंदणीच्या कागदावर नाव दादांचं. धाकट्यांना पहिल्या रुपयापासून एक्साइज. त्या दिवाळीत दोन्ही घरांत फराळाची ताटं गेली-आली, बोलणं मात्र बेताचंच झालं. मला विचाराल तर १९८७ ची दुरुस्ती समजून घेता येते, ही येत नाही. दोन लहान माणसांनी एक नाव वापरलं तर त्यात मोठं कोण झालं?

२००३ मध्ये तुम्ही धाकट्यांच्या जीपमध्ये बसला आहात. नाशिक रस्ता, उन्हाळा, खिडकीतून ट्रकची धूळ. भोसरी मागे पडते, मोशी येते. इथे जागा स्वस्त मिळत होती, पण धाकट्यांनी घेतली नाही. १९९७ मध्ये मोशी पिंपरी-चिंचवड महापालिकेत गेली, ते त्यांनी नीट लक्षात ठेवलंय. मग इंद्रायणीचा पूल. पूल ओलांडला की चिंबळी, तालुका खेड, ग्रामपंचायत.

"आता लागू द्या दादाचं नाव," धाकटे गिअर बदलत म्हणतात.

त्यांच्या बोलण्यातली खूण तुमच्या पिशवीत आहे, मार्चमध्ये आलेली ८/२००३ अधिसूचना. वर्षाला पहिल्या एक कोटीच्या मालावर एक्साइज माफ. दुसऱ्याच्या नावाच्या मालाला नाहीच. पण कारखाना ग्रामीण भागात असेल, तर आहे. ग्रामीण म्हणजे महसुली दप्तरातलं गाव, जे नगरपालिका, महापालिका, कॅन्टोन्मेंट अशा कुणाच्याही हद्दीत नाही. दर सोळा टक्के. कोटीवर सोळा लाख होतात. कच्च्या मालावरचं क्रेडिट वजा केलं तरी उरते ती रक्कम लहान नाही. एवढ्यासाठी माणूस नदी ओलांडतो.

दुपारी इन्स्पेक्टरसाहेब येतात. मशीनकडे बघत नाहीत, मिक्सर हातात घेत नाहीत, चहा मात्र घेतात.

"सातबारा काढून ठेवलाय?"

"ठेवलाय साहेब."

"ग्रामपंचायतीचा दाखला?"

तोही आहे. ते सर्व्हे नंबर बोटानं वाचतात, दोनदा. शेडमध्ये गावातल्या पंधरावीस मुली वायरिंगला बसल्या आहेत. सवलतीचा हेतू असेल तर तो त्यांच्यात आहे आणि तो इथे खरोखर फळलाय. पण पुलाच्या अलीकडे मोशीतही मुली आहेत, तिथे याच मिक्सरवर सोळा टक्के एक्साइज. साहेबांना हे सांगावंसं तुम्हाला वाटतं. तुम्ही सांगत नाही. हिशेबनीस आहात.

दोन वर्षांनी सर्वोच्च न्यायालयाचा इंदूरच्या कोहिनूर इलॅस्टिक्सचा निकाल तुमच्या हाती येतो आणि तुम्ही चष्मा पुसून पुन्हा वाचता. अंतर्वस्त्रांना लागणारं इलॅस्टिक, त्यावर गिऱ्हाइक कंपनीचं नाव विणलेलं. ते इलॅस्टिक बाजारात सुटं विकलं जाणार नव्हतं. तरी नाव ते नाव, सवलत गेली. छापील खोकी, प्लास्टिकच्या बाटल्या अशा वेष्टनाच्या वस्तूंना सरकारनं पुढे यातून वगळलं. ते साहजिक होतं. खोक्यावर गिऱ्हाइकाचं नाव नाही छापायचं, तर काय छापायचं?

३० जून २०१७, शुक्रवार, मध्यरात्र. टीव्हीवर संसदेचं मध्यवर्ती सभागृह. धाकटे, दादा आणि तुम्ही एका सोफ्यावर, तिघांचेही गुडघे दुखतात. एक्साइजची माफी तोवर दीड कोटीवर पोचली होती. बारा वाजता ती गेली. जीएसटीत नोंदणीची मर्यादा तेव्हा वीस लाख. नाव कुणाचं, हे त्या मर्यादेला विचारायचंच नाही.

"म्हणजे आता मोशीतसुद्धा चाललं असतं," धाकटे म्हणतात. दादा हसतात, आणि मग दोघे बराच वेळ दीड कोटी आणि वीस लाखांतल्या फरकाबद्दल सरकारला शिव्या देतात.

नावानं मात्र दुसरं दार शोधलं. त्याच जीएसटीत सुटं पीठ, तांदूळ, डाळी करमुक्त. नोंदणीकृत नावाच्या पिशवीतलं असेल तर पाच टक्के. काहींनी नावाची नोंदणीच काढून टाकायला सुरुवात केली, तेव्हा सरकारनं १५ मे २०१७ ही तारीख धरली: त्या दिवशी नोंद होती ना, मग कर भरा. अखेर १८ जुलै २०२२ पासून नावाचा निकष गेला आणि वजनाचा आला. आधी भरून लेबल लावलेली पिशवी पंचवीस किलोपर्यंतची असेल तर कर, त्यावर नाही.

त्या आठवड्यात तुम्ही तांदूळ घ्यायला मार्केट यार्डात गेला आहात. दुकानदार गोणीवर हात ठेवून विचारतो, "पंचवीसची देऊ की तीसची, काका? तीसला जीएसटी नाही."