स्पर्शाविना डोळ्याच्या पडद्याचा छेद

मधुमेह जडून दहा वर्षे झालेल्या, पण तक्त्यावरील सर्वांत खालची ओळही सहज वाचणाऱ्या रुग्णाला नेत्रतज्ज्ञ ‘ओसीटी’ करून घेण्यास सुचवतात, तेव्हा त्याला तो अनाठायी खर्च वाटतो. परंतु डोळ्याच्या पडद्याला आलेली सूज नेमक्या मध्यभागी पोहोचेपर्यंत दृष्टी अबाधित राहू शकते. आणि एकदा मध्यबिंदू ग्रासला गेला की गमावलेली दृष्टी पूर्णपणे परत मिळेलच, असे नाही. या दोन टप्प्यांमधल्या अवधीत सूज गाठता यावी, हे ऑप्टिकल कोहेरन्स टोमोग्राफी अशा लांबलचक नावाच्या या तपासणीचे मुख्य प्रयोजन.

पडदा, म्हणजेच दृष्टिपटल, जेमतेम पाव मिलिमीटर जाडीचा असतो. तेवढ्यात त्याचे दहा थर सामावलेले असतात. त्याच्या मागे रक्तवाहिन्यांनी गच्च भरलेला कोरॉइड हा थर असून, पडद्याच्या बाहेरील भागाला प्राणवायू त्याच्याकडूनच मिळतो. १८५१ मध्ये हेल्महोल्ट्झ यांनी नेत्रदर्शक यंत्र जगापुढे मांडले आणि वैद्यांना जिवंत डोळ्यातील पडदा समोरून दिसू लागला. मात्र भिंत समोरून पाहून तिची जाडी कळत नाही.

१९६१ मध्ये अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात नोव्हॉटनी आणि अल्व्हिस यांनी हाताच्या शिरेत फ्लुओरेसिन हे रंगद्रव्य टोचून पडद्यातील रक्ताभिसरणाची छायाचित्रे घेण्याची पद्धत प्रसिद्ध केली. माणसाचा पहिला डोळा होता तो खुद्द अल्व्हिस यांचा! ही तपासणी पुढे सर्वत्र रूढ झाली. तिच्यात काही रुग्णांना मळमळते, ओकारी होते, त्वचा आणि लघवी काही काळ पिवळी दिसते. क्वचित जिवावर बेतणारी ॲलर्जीही उद्भवते. महिन्या-दोन महिन्यांनी ती पुन:पुन्हा करणे कोणालाच सोयीचे नसते.

ओसीटीत सुई नाही, रंगद्रव्य नाही आणि क्ष-किरणही नाहीत. तत्त्व सोनोग्राफीसारखेच, फक्त ध्वनीऐवजी अवरक्त प्रकाश. अडचण अशी, की सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर वेगाने धावणाऱ्या प्रकाशाचा इतक्या लहान अंतरावरून आलेला ‘प्रतिध्वनी’ घड्याळाने मोजणे व्यवहार्य नाही. त्यामुळे किरणाचे दोन भाग केले जातात. एक डोळ्यात जातो, दुसरा आरशावरून परततो. परतलेले दोन्ही किरण एकत्र आणून त्यांच्या व्यतिकरणावरून कोणता थर किती खोल आहे, हे ठरवले जाते. एमआयटीतील जेम्स फुजिमोटो, डेव्हिड हुआंग, एरिक स्वॉन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये ‘सायन्स’मध्ये हे तंत्र मांडले. १९९६ मध्ये यंत्र बाजारात आले, तर २०२३ मध्ये या तिघांना लास्कर पुरस्कार मिळाला. सुरुवातीच्या प्रचलित यंत्रांना सेकंदाला सुमारे ४०० रेषा टिपता येत. २००६ च्या सुमारास आलेली पिढी वीस हजारांवर टिपू लागली आणि पाच-सहा मायक्रॉनचा तपशीलही दिसू लागला.

कोरॉइड मात्र बराच काळ धूसरच राहिला, कारण त्याच्या पुढचा रंगद्रव्ययुक्त थर प्रकाश अडवतो. २००८ मध्ये रिचर्ड स्पेड व सहकाऱ्यांनी साधी युक्ती योजली. यंत्र डोळ्याच्या अधिक जवळ नेऊन त्याची संवेदनक्षमता खोलवरच्या थरावर आणली. या युक्तीमुळे एका जुन्या आजाराचे रूप उलगडले. तरुण व मध्यमवयीन पुरुषांत अधिक आढळणाऱ्या आणि स्टेरॉइड घेणाऱ्यांना विशेष धोका असलेल्या सेंट्रल सिरस कोरिओरेटिनोपॅथीत पडद्याखाली पाणी साचते, सरळ रेषा वाकड्या भासतात. त्यात कोरॉइडच जाड झालेला असतो, हे आता चित्रात मोजून दाखवता येते.

ओसीटी अँजिओग्राफी त्याही पुढची. एकाच जागेची लागोपाठ चित्रे घेऊन फिरत्या रक्तपेशींमुळे पडणारा फरक ती टिपते आणि रंगद्रव्याविना रक्तवाहिन्यांचे जाळे उभे करते. वाहिनीतून झिरपणारा द्रव मात्र तिला दिसत नाही, म्हणून सुईची तपासणी अद्याप निवृत्त झालेली नाही. दाट मोतीबिंदू किंवा डोळ्यात रक्तस्राव असल्यास प्रकाशच आत पोहोचत नाही. शिवाय नेहमीचे चित्र पडद्याच्या मध्यभागाचे असते. कडेचे छिद्र त्यात निसटू शकते. त्यामुळे अहवाल ‘नॉर्मल’ आला तरी बाहुली विस्फारून होणारी तपासणी टाळता येत नाही.

तपासणीस काही मिनिटे पुरतात. हनुवटी टेकवून खुणेच्या प्रकाशाकडे पाहत राहायचे, एवढेच. बाहुली विस्फारण्याचे थेंब घातल्यास काही तास जवळचे धूसर दिसते. अशा वेळी वाहन चालवू नये. पूर्वीचे अहवाल सोबत न्यावेत आणि शक्यतो त्याच यंत्रावर पुन्हा तपासणी करावी. पडद्याची बाहेरील सीमा कोठे धरायची, याबाबत निरनिराळ्या यंत्रांचे हिशेब वेगळे असल्याने एकाच डोळ्याच्या जाडीत पन्नासहून अधिक मायक्रॉनचा फरक येऊ शकतो आणि नसलेली सूज वाढल्यासारखी भासते.