फर्मान आणि फर्माईश : 'बिनाका गीतमाला' व चित्रपटगीतांच्या लोकस्मृतीची घडण

जुन्या चित्रपटगीतांविषयी बोलू लागलेला मनुष्य बहुधा गीतापासून प्रारंभ करीत नाही. तो वारापासून प्रारंभ करतो. बुधवार, रात्रीचे आठ, आणि रेडिओची काटी लघुलहरींच्या पट्ट्यावर हलकेच सरकवीत राहिलेला घरातील एखादा वडीलधारा किंवा थोरला भाऊ, अशी ती आठवण असते. आवाज मध्येच दूर जाई, मध्येच खरखरीत बुडे, पुन्हा वर येई. पुण्या-नागपुराकडच्या अनेक घरांतून, इराण्यांच्या हॉटेलांतून आणि पानाच्या ठेल्यांवरून हा आवाज ऐकू येत असे. तो येत होता कोलंबोहून. परवाना टपालकचेरीतून भारत सरकारचा घ्यावयाचा आणि ऐकावयाचे मात्र सिलोन, ही त्या काळच्या श्रोत्याची रीत होती. ह्या रीतीचा उगम एका सरकारी धोरणात आहे, आणि त्या धोरणाची हकिकत आजवर बरीचशी ढोबळपणे सांगितली गेली आहे.

१९५२ साली डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर केंद्रात माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झाले, आणि १९६२ पर्यंत त्या पदावर राहिले. केसकर मराठी भाषक. काशी व पॅरिस येथे त्यांचे शिक्षण झालेले. शास्त्रोक्त संगीताचे ते जाणकार होते. त्यांनी फर्मान काढून चित्रपटगीतांवर बंदी घातली, असे सर्रास म्हटले जाते. घडले ते थोडे निराळे होते. नभोवाणीवरून लागणाऱ्या चित्रपटगीतांचे प्रमाण त्यांनी कमी केले, गीते आधी पारखून घ्यावीत असा नियम केला, आणि गीताबरोबर चित्रपटाचे नाव सांगणे ही फुकटची जाहिरात होय, असे मानून ती प्रथा बंद केली. ह्यावर निर्मात्यांच्या संघटनेने गीते वाजविण्याची परवानगीच काढून घेतली. दोन्ही बाजू हट्टास पेटल्या आणि वर्ष सरण्यापूर्वी नभोवाणीवरील चित्रपटगीत जवळजवळ नाहीसे झाले. बंदीचा परिणाम झाला खरा. पण तो एकट्या मंत्र्याच्या लेखणीतून उतरला नाही.

केसकरांवर आणखी एक आरोप केला जातो, तो तर अगदीच चुकीचा आहे. नभोवाणीवरून संवादिनी हद्दपार झाली ती १९४० साली, म्हणजे ते मंत्री होण्यापूर्वी बारा वर्षे. त्यांनी ती बंदी उठविली नाही, एवढाच त्यांचा दोष. लोकस्मृती अशीच चालते. एकदा एखाद्या माणसाला रसिकांचा वैरी ठरविले, की त्या काळातील सर्व वैरे त्याच्या नावावर जमा होतात. संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम (१९५२) आणि नभोवाणीचे संगीतसंमेलन (१९५४) ह्याच माणसाच्या कारकीर्दीत सुरू झाले, आणि चित्रपटगीताला पर्याय म्हणून केंद्राकेंद्रांतून सुगम संगीताचे विभागही त्याच वेळी निघाले. पुणे केंद्रावरून १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर चाललेले 'गीतरामायण' ह्याच वातावरणातले. ग. दि. माडगूळकरांची ५६ गीते आणि सुधीर फडक्यांच्या चाली ज्या मराठी श्रोत्याला अजूनही मुखोद्गत आहेत, त्याने तरी केसकरांच्या धोरणाचा सरसकट उपहास करू नये.

तथापि ज्याला चित्रपटगीतच ऐकावयाचे होते, त्याची सोय 'गीतरामायणा'ने होणार नव्हती. ती कोलंबोने केली.

सिलोनचे हे केंद्र म्हणजे दुसऱ्या महायुद्धाचे उरलेले धन होय. आग्नेय आशियातील दोस्त सैन्यासाठी तेथे प्रबळ लघुलहरी प्रक्षेपक उभारण्यात आला होता. युद्धानंतर तो सिलोन सरकारच्या हाती आला आणि १९५० साली रेडिओ सिलोनचा व्यापारी विभाग सुरू झाला. सैनिकांच्या करमणुकीसाठी दूरवर पोचणारा आवाज आता साबण, चहा आणि दंतमंजन विकू लागला. ह्यात सिलोनचे असे फारच थोडे होते. ध्वनिमुद्रिका मुंबईच्या, जाहिरातदार मुंबईचे, निवेदकही मुंबईचे. कार्यक्रम मुंबईत फितीवर मुद्रित होत आणि त्या फिती विमानाने कोलंबोस जात. मुंबईचाच आवाज समुद्र ओलांडून पुन्हा मुंबईला ऐकू येत असे, आणि वाटेत कोठेही भारत सरकारचा त्याच्याशी संबंध येत नसे.

'बिनाका' ह्या दंतमंजनाच्या जाहिरातीसाठी पाश्चात्य गीतांचा एक इंग्रजी कार्यक्रम आधीपासून चालू होता. त्याच धर्तीवर ३ डिसेंबर १९५२ रोजी हिंदी चित्रपटगीतांची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. निवेदनाचे काम अमीन सयानी ह्या विशीतील तरुणाकडे आले. प्रारंभी त्याचे स्वरूप स्पर्धेचे होते. अर्ध्या तासात सात गीते लागत. श्रोत्यांनी त्यांचा कालानुक्रम ओळखून कळवावयाचा आणि बक्षीस मिळवावयाचे. सयानींनी पुढे अनेक वेळा सांगितले आहे, की पन्नासेक पत्रांची अपेक्षा असता पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार पत्रे आली आणि थोड्याच काळात तो आकडा आठवड्याला साठ हजारांच्या वर गेला. एवढी पत्रे तपासणे अशक्य झाल्यावर स्पर्धा सोडून लोकप्रियतेचा क्रम लावण्याची कल्पना निघाली. म्हणजे ज्याला पुढे रसिकांचा कौल मानण्यात आले, त्याचा जन्म टपालाच्या ओझ्यातून झाला आहे.

क्रम लावण्याची साधने दोन होती : ध्वनिमुद्रिकांच्या दुकानांतील खप आणि श्रोत्यांची मागणी. दोन्ही साधनांत खोट होती. खप मोजावयाचा तर ज्याच्याकडे ग्रामोफोन आहे आणि ध्वनिमुद्रिका विकत घेण्याची ऐपत आहे, त्याचेच मत मोजले जाई. पत्रे मोजावयाची तर ज्याला लिहिण्याचा हुरूप आणि टपालाचा खर्च परवडतो, त्याचे. पुढे गावोगावच्या श्रोतृमंडळांचे मत त्यात मिळविण्यात आले. अभ्रकाच्या खाणींसाठी माहीत असलेले झुमरीतलैया हे गाव साऱ्या देशाला परिचित झाले, ते फर्माईश पाठविणाऱ्यांच्या उत्साहामुळेच.

येथे 'फर्माईश' ह्या शब्दापाशी थोडे थांबावयास हवे. 'फर्मूदन' म्हणजे आज्ञा करणे, ह्या फारसी धातूपासून 'फर्मान' आणि 'फर्माईश' हे दोन्ही शब्द निघाले आहेत. मराठीत दोन्ही फार पूर्वी आले. पहिला ऐतिहासिक कागदपत्रांतून आला आणि दरबारी राहिला. दुसरा गाण्याच्या मैफलीत रुळला. यजमानाने किंवा जाणत्या श्रोत्याने गवयाला अदबीने सांगितलेली इच्छा, असा त्याचा अर्थ झाला. गीतमालेने आणि सिलोनच्या इतर कार्यक्रमांनी तो मैफलीतून बाहेर काढला व पोस्टकार्डावर बसविला. वरून येणारे ते फर्मान आणि खालून जाणारी ती फर्माईश, ह्या दोन सख्ख्या शब्दांमध्ये त्या दशकातील नभोवाणीचे भांडण जवळजवळ सगळे सामावते.

गीतमालेची भाषा हा ह्या इतिहासाचा सर्वांत कमी अभ्यासलेला भाग होय. नभोवाणीच्या हिंदीचा कल ह्या काळात संस्कृतप्रचुरतेकडे झुकला होता. सयानींची भाषा तिच्या उलट टोकाची होती, असे मात्र नव्हे. ती उर्दूही नव्हती. तिला हिंदुस्थानी म्हणावे लागेल, आणि तिचा वारसा त्यांना घरातून मिळाला होता. त्यांच्या मातोश्री कुलसुम सयानी ह्या प्रौढशिक्षणाच्या कार्यात होत्या. गांधीजींच्या प्रेरणेने त्यांनी 'रहबर' हे पाक्षिक १९४० पासून वीस वर्षे चालविले. ते नागरी, उर्दू आणि गुजराती अशा तीन लिप्यांतून निघे, भाषा मात्र एकच, साधी हिंदुस्थानी. नवसाक्षरांना समजावी म्हणून बेतलेली ही भाषा बाळपणी मदतनीस म्हणून हाताळलेला मुलगा पुढे दंतमंजनाच्या जाहिरातीत तीच वापरू लागला. हिंदुस्थानीचा पुरस्कार राजकारणात हरला होता. घटना परिषदेने १९४९ मध्ये हिंदी स्वीकारली होती. हरलेल्या त्या पक्षाची भाषा दर आठवड्याला कोट्यवधींच्या कानी पडत राहिली ती एका व्यापारी कंपनीच्या खर्चाने, ह्या योगायोगाची नोंद भाषेच्या इतिहासात व्हावयास हवी.

तिचे काही विशेष सहज दाखविता येतात. सयानींचे संबोधन 'बहनो और भाइयो' असे होते. सभेतील रूढ क्रम 'भाइयो और बहनो' असाच आहे, आणि मराठीतील 'बंधुभगिनींनो' ह्या समासातही बंधूच आधी येतात. क्रम उलटविल्याने बदलले ते व्याकरण नव्हे. घरात रेडिओजवळ कोण बसलेले आहे, ह्याची जाण मात्र त्यातून व्यक्त झाली. 'नंबर' हा इंग्रजी शब्द टाळून त्यांनी 'पायदान' योजला. पाय ठेवण्याची जागा, पर्यायाने शिडीची पायरी, असा त्याचा अर्थ. 'कलमदान', 'पानदान' ह्यांतील 'दान' येथेही आहे. मराठी कानाला तो 'पायताण' शब्दाच्या जवळचा वाटून प्रथम हसू येई. परंतु 'पायताण' 'पादत्राणा'वरून आलेले, आणि दोघांचा संबंध नाही. ठराविक आठवडे शिडीवर टिकलेले गीत 'सरताज' म्हणून गौरवाने निवृत्त होई. पायापासून मस्तकावरील ताजापर्यंतचा हा प्रवास श्रोत्यांना व्युत्पत्ती न कळताही कळत असे.

उच्चारांबाबत मराठी श्रोत्याची स्थिती काही वेगळी होती. 'ज़' हा ध्वनी हिंदीच्या अनेक बोलींत तालव्य 'ज' होऊन जातो. मराठीत मात्र 'बाजार', 'हजार' ह्यांसारख्या जुन्या फारसी शब्दांत तो दंततालव्य 'ज' म्हणून स्थिरावला होता, आणि हा 'ज' मूळ ध्वनीला अधिक जवळचा आहे. त्यामुळे साहिर किंवा शकील ह्यांच्या गीतांतील शब्द मराठी माणसाला जितके परके वाटावयास हवे होते तितके ते वाटले नाहीत. 'महफिल' त्याच्याकडे 'मैफल' होऊन आधीच नांदत होती. 'तकदीर', 'मेहेरबान', 'फिर्याद' हे शब्द त्याने पूर्वी कचेरीत ऐकले होते. आता ते प्रेमिकांच्या तोंडी आले. अर्थाचे असे स्थलांतर शब्दकोशात सावकाश उतरते, कानात ते आधीच झालेले असते.

आता पायदानावरील गीतांकडे वळू. वार्षिक याद्या १९५३ पासूनच्या सांगितल्या जातात. त्या वर्षी शिखरावर होते 'अनारकली'मधील लता मंगेशकर ह्यांचे गीत. संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर. एका मराठी मंत्र्याच्या धोरणामुळे देशाबाहेर गेलेल्या गीतांच्या पहिल्या सरशीत संगीतकार आणि गायिका दोघेही मराठी असावेत, हा विनोद त्या वेळी कोणाच्या लक्षात आला होता की नाही कोण जाणे.

परंतु ह्या याद्या खरोखर विचार करावयास लावतात त्या दुसऱ्या एका कारणाने. 'प्यासा' आणि 'नया दौर' हे चित्रपट १९५७ चे. दोन्हींतील गीते साहिरची, आणि पन्नाशीच्या दशकाचा विषय निघाला की पहिला उल्लेख त्यांचाच होतो. त्या वर्षीचे पहिले पायदान मात्र मिळाले 'जनम जनम के फेरे' ह्या चित्रपटातील रफी-लता ह्यांच्या द्वंद्वगीताला. कवी भरत व्यास, संगीतकार एस. एन. त्रिपाठी. संस्कृतनिष्ठ हिंदीचे म्हणून ओळखले जाणारे हे कवी, भक्तिरसाचा चित्रपट, आणि मोठा नट त्यात एकही नाही. केसकरांना जो श्रोता नासला असे वाटत होते, त्या श्रोत्याने स्वतः होऊन उचलून धरलेले हे गीत होते. तीच गोष्ट १९६५ ची. 'गाईड' त्याच वर्षीचा. वार्षिक यादीच्या शिरोभागी मात्र 'सहेली' ह्या चित्रपटाचे गीत आहे. गीत अजून कोठे कोठे ऐकू येते. चित्रपटाचे नाव विचारले तर सांगणारे थोडेच सापडतील.

ह्याचा अर्थ त्या काळच्या श्रोत्यांची अभिरुची कमी प्रतीची होती असा नव्हे, आणि आजच्या स्मृतीने अन्याय केला असाही नव्हे. गीत गाजणे आणि गीत टिकणे ह्या दोन स्वतंत्र क्रिया आहेत. गाजण्यामागे त्या त्या आठवड्यातील चित्रपटगृह, दुकान आणि पोस्टकार्ड असते. टिकण्यामागे नंतरच्या पिढ्यांनी केलेली निवड असते, आणि ती निवड करणाऱ्यांत समीक्षक, चित्रपटांचे पुनःप्रदर्शन, दूरचित्रवाणी, जुन्या गीतांच्या नव्या मुद्रिका असे अनेक जण हात घालतात. 'त्या काळी सगळेच हे गीत गुणगुणत असत', असे विधान आठवणींच्या लेखांत वारंवार येते. ते बहुधा 'आज आम्ही सगळे हे गीत गुणगुणतो' ह्या विधानाचा भूतकाळ असतो. ज्याला पन्नाशीच्या दशकातील कान खरोखर कसा होता हे शोधावयाचे असेल, त्याला 'प्यासा'बरोबर 'जनम जनम के फेरे'ही ऐकावे लागेल, मनाला रुचो वा न रुचो.

धोरणाचे पुढे काय झाले ते थोडक्यात सांगता येते. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी 'विविध भारती' सुरू झाली आणि चित्रपटगीत सरकारी लहरींवर परतले, केसकर मंत्रिपदावर असतानाच. १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे व नागपूर येथून तिच्यावर जाहिरातीही सुरू झाल्या. त्याच वर्षी केसकरांचे भारतीय संगीताच्या समस्यांवरील इंग्रजी पुस्तक मुंबईत प्रसिद्ध झाले. त्यांच्या मतांत फरक पडल्याचे त्यात दिसत नाही. गीतमाला सिलोनवर १९८९ पर्यंत राहिली, नंतर विविध भारतीवर आली, आणि १९९४ मध्ये थांबली. मधल्या काळात दंतमंजनाचे नाव बदलल्याने ती 'सिबाका गीतमाला' झाली होती, तरी जुन्या श्रोत्यांच्या बोलण्यात 'बिनाका'च राहिले. अमीन सयानी २० फेब्रुवारी २०२४ रोजी मुंबईत निवर्तले.

'पायदान' मात्र हिंदीत घट्ट रुजले. खेळाडूंची क्रमवारी असो, निवडणुकीचा निकाल असो, हिंदी वृत्तपत्रे आजही पहिल्या किंवा दुसऱ्या पायदानाविषयी लिहितात. मराठीने तो शब्द घेतला नाही. बुधवारी रात्री आठ वाजता तो वर्षानुवर्षे मन लावून ऐकला, आणि सकाळी वर्तमानपत्रात 'क्रमांक' असेच छापले.