नैरोबीचा रुपया, नाशिकची नोट

मी नाशिकचा आहे म्हटलं की ऑफिसात कुणीतरी हमखास म्हणतं, “मग काय, नोटांचा कारखानाच तुमच्याकडे!” नाशिकरोडच्या प्रेसमध्ये 1928पासून नोटा छापल्या जातात, हे खरंच आहे. पण नोट छापणं वेगळं आणि तिची किंमत ठरवणं वेगळं. हे दुसरं काम ज्याच्या हातात, तो न बोलता कुणाचाही खिसा हलका करू शकतो. याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण मला आफ्रिकेत सापडलं. तिथलं चलन होतं आपलाच रुपया!

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आजच्या केनिया-युगांडात रुपया चालायचा. किनाऱ्यावरच्या भारतीय व्यापाऱ्यांनी तो आधीच रुळवला होता. पुढे 1896 मध्ये मोम्बासाहून रेल्वेचं काम सुरू झालं आणि त्यासाठी हिंदुस्थानातून तीस हजारांवर मजूर गेले. दर ठरलेला: 1 रुपया म्हणजे 1 शिलिंग 4 पेन्स, अर्थात पौंडाला 15 रुपये.

पहिल्या महायुद्धात चांदी भडकली. रुपया चांदीचा, म्हणून तोही चढला. 1920 मध्ये लंडनने पूर्व आफ्रिकेत हा दर 2 शिलिंगांवर बांधून टाकला, म्हणजे पौंडाला 10 रुपये. हिशेब करून बघा. एखाद्या गोऱ्या मळेवाल्याच्या डोक्यावर 1500 रुपयांचं कर्ज असेल, तर आधी ते 100 पौंडांचा माल विकून फिटायचं. आता 150 पौंडांचा विकायला हवा. रुपया जाऊन आधी फ्लोरिन आणि मग शिलिंग आला, पण कर्ज याच चढ्या दराने नव्या चलनात उतरलं. त्यात शेतमालाचे भाव कोसळले.

मळेवाल्यांनी तोटा खाली ढकलला. 1921 मध्ये त्यांनी आफ्रिकन मजुरांची मजुरी एक तृतीयांशाने कापायचं ठरवलं. 24 पेन्सचे 16 पेन्स केले तर नेमका तिसरा हिस्सा जातो. दरात जे गेलं, ते मजुराकडून वसूल! आणि झोपडीवरचा कर सरकारने आधीच वाढवून ठेवलेला. सरकारी खजिन्यात टेलिफोन ऑपरेटर असलेल्या हॅरी थुकू या तरुणाने याविरुद्ध नैरोबीत लोक उभे केले. मार्च 1922 मध्ये त्याला अटक झाली. सुटकेसाठी जमलेल्या जमावावर गोळीबार झाला. मृतांचा सरकारी आकडाच 21 होता.

1920 मध्ये भारतातही हाच 2 शिलिंगांचा दर लावून पाहिला गेला. इथे मात्र बाजाराने तो वर्षभरात पाडला. या सगळ्या गोंधळाच्या काळात लंडनमध्ये एक मराठी विद्यार्थी रुपयावरच प्रबंध लिहीत होता: भीमराव आंबेडकर. 1923 मध्ये त्यांचं ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ प्रसिद्ध झालं. केन्ससारख्या अर्थतज्ज्ञाने उचलून धरलेली चलनव्यवस्था त्यांनी त्यात खोडून काढली. त्यांचा मुद्दा असा की रुपयाचा परदेशी दर स्थिर ठेवण्याआधी देशातली त्याची खरेदीची ताकद स्थिर हवी, कारण गरीब माणूस पौंडात नव्हे, भाकरीत हिशेब करतो. आणि चलन हवं तेवढं वाढवायची मोकळीक सरकारला नकोच. 1925 मध्ये हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी स्पष्ट सांगितलं की टांकसाळ जशी जनतेला बंद आहे, तशी सरकारलाही नवे रुपये पाडायला बंद करा.

आमच्या कामातही असाच नियम असतो: कोड ज्याने लिहिला, त्यानेच तो पास करून थेट लाइव्ह करायचा नाही. माणूस वाईट असतो म्हणून नव्हे. घाईत प्रत्येकाला आपलंच बरोबर वाटतं म्हणून.

नाशिकला बाबासाहेब आठवतात ते 1930 च्या काळाराम मंदिर सत्याग्रहामुळे. मला रुपयाचा प्रबंध त्याच लढ्याचा भाग वाटतो. मंदिराच्या दाराशी काय किंवा रुपयाच्या दरात काय, प्रश्न एकच होता: नियम कोण ठरवतं आणि ते ठरताना कुणाला आत घेतलं जात नाही? महागाई 4 टक्क्यांच्या आसपास ठेवण्याचं उद्दिष्ट भारताच्या कायद्याच्या चौकटीत आलं ते 2016 मध्ये. व्याजदराची बातमी मोबाइलवर आली की आपण ती अंगठ्याने वर सरकवतो. नैरोबीच्या मजुराला तर ती बातमीही मिळाली नव्हती. मिळाली ती थेट कापलेली मजुरी.