हवा कमी, पकड जास्त

पावसाळ्यात लातूर-नांदेडच्या काळ्या रानात गाडी फसली की आपण रेस देतो, अन् आणखी खोल जातो. जुन्या बैलगाडीचंही तेच. चाकाची लोखंडी धाव अरुंद, चिखल कापत खाली जायची.

१८८८ मध्ये डनलॉपनं मुलाच्या तिचाकीला हवेचे टायर बसवले. हवा थोडी सोडली की टायर पसरतो, वजन जास्त जागेवर वाटलं जातं. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी 'डक' ट्रकमध्ये ड्रायव्हर बसल्या जागी हवा कमी-जास्त करायचा.

आपल्याला खाली उतरावं लागतं. म्हणून डिफ्लेटरच्या आधी चांगलं गेज घ्या. ०-६० पीएसआयचं, म्हणजे कमी हवाही नीट वाचता येते. आणि पंप विसरू नका. कमी हवेवर डांबरीला गाडी पळवली, तर टायर तापून फुटतो.