देशी कागद ते फ्लॅश : साठवणीची तुलना कशी करायची?

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी एक आलेख काढला होता. दोन एसएसडी, दोघांवर सारखाच लोड, वीस मिनिटांची चाचणी. एक ड्राइव्ह दुसऱ्याच्या कितीतरी पुढे. मी खूश, कॉन्फरन्सला पाठवायचा गोषवारासुद्धा लिहून तयार. मार्गदर्शक मॅडमनी आलेख पाहिला आणि एवढंच विचारलं, "ड्राइव्ह नवे होते का?" होते, अगदी खोक्यातून काढलेले. "मग रात्रभर लिहीत ठेव आणि सकाळी परत मोज." सकाळी क्रम उलटा झाला होता.

गोषवारा गेला नाही हे माझं नशीब. पेटची तयारी करणारी मुलं मला विचारतात, की सगळी यंत्रं विकतच मिळतात, कंपन्यांची तुलनापत्रकं नेटवर पडलेली आहेत, मग स्टोरेजमध्ये संशोधन कशाचं करायचं? त्यांना मी हा किस्सा सांगतो. पण नेमकं काय चुकलं हे कळायला मला बराच मागचा इतिहास वाचावा लागला, आणि तो चक्क आमच्या गावापासून सुरू झाला.

मी एरंडोलचा. गावाची ओळख लोक पांडववाड्यावरून सांगतात. पण १९०८ च्या इम्पीरिअल गॅझेटिअरमध्ये एरंडोलची नोंद पाहा. हे गाव एके काळी जाड्याभरड्या देशी कागदासाठी प्रसिद्ध होतं, आणि नोंद लिहिली तेव्हाही तो धंदा थोडाफार टिकून होता, असं तिथे म्हटलंय. शेजारीच कापूस, नीळ आणि धान्याच्या व्यापाराचा उल्लेख आहे. व्यापार म्हटला की हिशेब आला, हिशेब म्हटला की वही आली. उद्योगधंद्याचा डेटा ठेवण्याचं माध्यम आमच्याकडे घडत होतं म्हणा ना!

कागदाची पारख करताना दोनच गोष्टी बघायच्या : शाई फुटते का आणि टिकतो किती. हवा तो कागद किती वेळात सापडेल हा प्रश्न कागद विकणाऱ्याचा नव्हताच, तो दप्तर लावणाऱ्याचा होता. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव फिरून जुने कागद गोळा करत राहिले आणि १९२६ मध्ये धुळ्यात वारले. पुढच्याच वर्षी तिथे त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ उभं राहिलं. रुमालात बांधलेल्या दप्तरातून एक पत्र शोधायचं ज्याच्यावर आलंय, त्याला साठवण आणि शोध यांतला फरक वेगळा समजवावा लागत नाही.

हा फरक यंत्रात आला तो १९५६ मध्ये, आयबीएमच्या रॅमॅकबरोबर. चोवीस इंच व्यासाच्या ५० तबकड्या आणि त्यात मावणार ५० लाख अक्षरं. पण खरी नवलाई अशी, की मधलंच एखादं अक्षर हवं असेल तर सगळी टेप गुंडाळत बसायला नको. तिथून पुढे पन्नासेक वर्षं तुलनेचा पाया एकच राहिला, फिरणारी तबकडी. मिनिटाला १५,००० फेरे घेणारी डिस्क घ्या. एक फेरा ४ मिलिसेकंदांचा, म्हणजे हवी ती जागा डोक्याखाली यायला सरासरी २ मिलिसेकंद, शिवाय हात सरकायला वेळ वेगळा. सेकंदाला जेमतेम दोनशे उत्तरं. त्यामुळे मोठ्या संस्था जागेसाठी नाही, वेगासाठी डिस्क विकत घ्यायच्या आणि अर्ध्या रिकाम्या ठेवायच्या. जिम ग्रे आणि फ्रँको पुट्झोलू यांचा १९८७ चा 'पाच मिनिटांचा नियम' याच गणितातून आला. दर पाच मिनिटांत लागणारी माहिती डिस्कवरून पुन्हापुन्हा आणण्यापेक्षा मेमरीत ठेवणं स्वस्त पडतं, असा तो हिशेब. हा पेपर जरूर वाचा. लहान आहे, आणि किमती बदलल्या की आकडा बदलतो पण रीत तीच राहते, हे त्यात लख्ख दिसतं.

फ्लॅशचा जन्मही त्याच काळातला. तोशिबातल्या फुजिओ मासुओका यांनी १९८४ मध्ये फ्लॅश मेमरी जगासमोर मांडली, १९८७ मध्ये नँड प्रकार आला. फ्लॅशचा स्वभाव शाळेतल्या पाटीसारखा आहे, पण विचित्र पाटी. लिहायचं एकेका ओळीत, पुसायची मात्र अख्खी पाटी. एक ओळ बदलायची तर नवी ओळ दुसऱ्या पाटीवर लिहायची आणि जुनीवर काट मारायची. काट मारलेल्या ओळी फार झाल्या की उरलेल्या चांगल्या ओळी दुसरीकडे उतरवून घ्यायच्या, मग पाटी पुसायची. पाटी पुसण्यालाही मर्यादा, ठरावीक वेळांनंतर ती झिजते. नव्या ड्राइव्हमध्ये सगळ्या पाट्या कोऱ्या असतात, म्हणून तो सुसाट पळतो. माझ्या त्या वीस मिनिटांत मी कोऱ्या पाट्यांचा वेग मोजला होता.

बाजारात मात्र फ्लॅश आली ती डिस्कचा वेश घेऊन. तेच खोकं, तीच केबल, म्हणून फूटपट्टीही तीच. निव्वळ फ्लॅशवर चालणाऱ्या उद्योगी साठवण यंत्रांची गर्दी झाली २०१० च्या आसपास. २००९ मध्ये प्युअर स्टोरेज निघाली. तिच्या दोन संस्थापकांपैकी जॉन कोलग्रोव्ह मूळचे व्हेरिटासचे, ज्या कंपनीचं मोठं केंद्र आपल्या पुण्यात होतं. २०१२ मध्ये ईएमसीनं एक्स्ट्रीमआयओ आणि आयबीएमनं टेक्सास मेमरी सिस्टिम्स विकत घेतली. तुलनेसाठी तेव्हा एसपीसी-१ ही चाचणी प्रतिष्ठेची होती. प्रामाणिक चाचणी, किंमतसुद्धा जाहीर करायला लावणारी. पण तिच्यात सरासरी उत्तराला ३० मिलिसेकंदांपर्यंत मुभा होती. तबकडीला ते ठीक. फ्लॅश मिलिसेकंदाच्या आत उत्तर देते, तिला ३० ची मुभा म्हणजे सायकलच्या शर्यतीच्या वेळेत मोटार पळवणं.

माझ्या चुकीचं उत्तर एसएनआयए या संघटनेच्या चाचणी-पद्धतीत आधीच लिहिलेलं होतं. आधी ड्राइव्हच्या क्षमतेच्या दुप्पट लिहून घ्या. मग मोजत राहा, आणि सलग पाच फेऱ्यांचे आकडे सरासरीच्या २० टक्क्यांच्या पट्ट्यात आले तरच ते खरे धरा. मी ते वाचलं नव्हतं, कारण 'स्टँडर्ड' म्हणजे कंटाळवाणं असा माझा समज.

दुसरा सापळा 'प्रभावी क्षमते'चा. ही यंत्रं सारखा डेटा एकदाच ठेवतात, उरलेला दाबून बसवतात, आणि जाहिरातीत चौपट क्षमता लिहितात. पण तुमचा डेटा दबणारा हवा ना! टाइप केलेला सातबारा छान दबतो. त्याच सातबाऱ्याचा जेपीजी स्कॅन जवळपास तेवढाच राहतो, कारण तो आधीच दाबलेला असतो. तेव्हा कोणाच्या डेटावर मोजलंय हे लिहिलेलं नसेल तर तो आकडा मी सरळ खोडतो.

आणि काही गोष्टी तुलनापत्रकात येतच नाहीत. २४ फेब्रुवारी २०२१ ला मुंबईतल्या राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार सकाळी ११.४० ला थांबले, ते ३.४५ ला सुरू झाले. बाजारानं पुढच्या महिन्यात दिलेल्या खुलाशानुसार मूळ कारण दोन केंद्रांमधल्या टेलिकॉम जोडण्यांची अस्थिरता, आणि त्यामागे रस्त्यावरचं खोदकाम. पण जोडणी डळमळल्यावर मुख्य साठवण यंत्रणा अनपेक्षित वागली आणि सर्व्हरना पोहोचेनाशी झाली. जोखीम सांभाळणारी प्रणालीच बंद पडली. अशा दिवशी ते यंत्र सेकंदाला किती लाख उत्तरं देतं याला काय अर्थ?

माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण आता यावरच आहे. दोन यंत्रांमध्ये डेटाची प्रत जात असते, ड्राइव्ह आधीच रात्रभर लिहून जुने केलेले असतात, आणि मी मधली जोडणी पूर्ण न तोडता नुसती अधूनमधून लटपटवतो. पूर्ण तोडली तर दोन्ही शहाण्यासारखी वागतात. लटपटवली की पहिलं यंत्र वाट बघत बसतं. किती वेळ बसतं, ते सध्या मोजतोय.